वरचा, मधला, खालचा

मारुतण्णा गेल्याचा फोन सकाळी आला तेव्हा मी स्वयंपाकघरात कॉफीचं डिकॉक्शन उतरायची वाट बघत उभी होते. फोनवर सरोजावहिनी, त्याची बायको. "अण्णा गेले ग सुमी," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "होगबिट्रु." आमच्या घरांत मोठी बातमी नेहमी अशीच येते, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये, कारण एका भाषेत सांगून ती खरी वाटत नाही. फोन ठेवल्यावर मला रडू आलं नाही. आधी वाटलं ते हायसं. माणूस त्रासातून सुटला म्हणून हायसं वाटलं, असं मी त्या दिवशी भेटायला आलेल्यांना सांगितलं आणि त्यांनी माना डोलावल्या. खरं तसं नव्हतं. आता तो मला काही विचारणार नाही, म्हणून मला हायसं वाटलं होतं. या गोष्टीला दोन महिने होत आले. गेलेल्या माणसावर लिहिणारा बहुतेक वेळा स्वतः चांगल्या बाजूला उभा राहून लिहितो. मला ती जागा घेता येणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

मारुतण्णा माझा चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आमची घरं रंगाऱ्यांची. कोणता पूर्वज कधी म्हैसूरला येऊन कापड रंगवू-छापू लागला, हे आता कोणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी राहिली, पण तीही अशी की पुण्याहून आलेला पाहुणा पहिले दोन दिवस नुसता हसत असतो. माझ्या वडिलांच्या पिढीत धंदा सुटला, कोणी बँकेत लागला, कोणी शाळेत, कोणी शिलाई मशीन घेऊन बसला. एकटा मारुतण्णा देवराज मोहल्ल्यातल्या एका बोळात, घराच्याच पुढच्या खोलीत, लाकडी ठशांनी कापड छापत राहिला. चादरी, पंचे, देवळातल्या पडद्यांचे काठ. ठसे तो स्वतःच कोरायचा, आणि प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात नखाएवढी एक कोयरी असायचीच, ती त्याची सही. त्याची एक खोड होती. नवा ठसा तयार झाला की तो रंगात बुडवून आधी स्वतःच्या डाव्या मनगटावर मारायचा. "दुसऱ्याच्या कापडावर मारायच्या आधी आपल्या अंगावर मारून बघावं," म्हणायचा. त्यामुळे लग्नाकार्यात, चांगला धुतलेला सदरा घालून आलेल्या मारुतण्णाच्या बाहीतून कधी अर्धा हत्ती बाहेर डोकवायचा, कधी वेलीचं टोक. वहिनी चिडायची. आम्हा मुलांना मात्र आज मनगटावर काय आहे ते बघायची घाई असायची.

मी एम.ए. करायचं म्हटलं तेव्हा घरात कुरकुर झाली. पोरीनं एवढं शिकून काय करायचं, हा प्रश्न त्या काळी सगळीकडेच होता, आमच्याकडे तो जरा मोठ्यानं विचारला जायचा. मारुतण्णा आला, वडिलांसमोर बसला, कॉफी प्याला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "शिकू दे की, काका. आमच्यातलं एक तरी नाव कागदावर छापलं जाऊ दे." वडील हसले आणि मी कॉलेजात गेले. पुढे माझं नाव कागदावर छापलं गेलं, पुष्कळदा. त्याचंही गेलं, पण नाव नाही, नुसता नंबर. ते मी छापलं. त्याचंच सांगायचं आहे.

नशेच्या पदार्थांविषयीचा नवा कायदा येऊन थोडीच वर्षं झाली होती. शहरातल्या एका संस्थेत नशेमुळे होणारा धोका आणि नुकसान यांच्या अभ्यासाचं काम सुरू झालं आणि मला त्यात साहाय्यक म्हणून नोकरी मिळाली. आमचे सर हुशार, स्वच्छ इस्त्रीचे, कोणाला वाईट शब्द न बोलणारे. त्यांनी एक प्रश्नावली तयार केली होती. माणसाला बसवून ती भरून घ्यायची, उत्तरांचे गुण द्यायचे, बेरीज करायची आणि बेरजेप्रमाणे पहिल्या पानावर शिक्का मारायचा. जास्त धोका, मध्यम धोका, कमी धोका. इंग्रजी अक्षरं, एच, एम आणि एल. शिक्के ठळक हवे होते. बाजारातल्या रबराच्या शिक्क्यांवर सरांचा विश्वास नव्हता, चार महिन्यांत अक्षर झिजतं म्हणायचे. मी फुशारकीनं म्हटलं, माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे, लाकडात कोरून देईल.

मारुतण्णानं शिसवी लाकडाचे तीन ठसे आठवडाभरात कोरले. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, ऐकलेलं थोडंफार कळायचं. त्यानं त्यांना आपली नावं दिली: वरचा, मधला, खालचा. आणि कोयरी होतीच. मी म्हटलं, अण्णा, हे सरकारी कागदावर मारायचं आहे, त्यावर कोयरी कशी चालेल? तो म्हणाला, "नुसतं अक्षर किती उघडं दिसतं ग. इर्ली, राहू दे." सरांनी ती बघितली, हसले आणि राहू दिली. ठसे मी घेऊन निघणार तेवढ्यात त्यानं वरचा उचलला, निळ्या रंगात टेकवला आणि मनगटावर मारला. "बघ, तुझा पहिला माणूस मी," म्हणाला. आम्ही दोघं खूप हसलो होतो.

आता प्रश्नावलीविषयी सांगायला हवं, कारण माझी लाज तिच्यात आहे. आम्ही माणसं शोधायचो ती पोलीस ठाण्यातून, सरकारी इस्पितळातून आणि व्यसनमुक्तीच्या केंद्रातून. म्हणजे विहिरीत पडलेल्यांना विचारून, विहिरीवर पाणी भरायला जाणाऱ्या सगळ्यांविषयी अंदाज बांधायचा असा तो प्रकार. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. सरांनाही कळत होतं, म्हणून तर ते म्हणाले की तुलनेसाठी चारचौघांसारखी, कामधंदा करणारी माणसं आणा. पण असा माणूस समोर येऊन मी गांजा ओढतो म्हणून कशाला सांगेल? कोणी मिळेना. मग मी मारुतण्णाकडे गेले. तो रविवारी संध्याकाळी खोलीचं दार लोटून थोडा ओढायचा आणि वर्षातून एकदा बेट्टदपुरच्या टेकडीवर जत्रेला जायचा तेव्हा. सगळ्या घराला ठाऊक होतं. त्याबद्दल कोणी काही बोलत नसे, आणि बोलावं असं त्यानं कधी काही केलंही नव्हतं. मी म्हटलं, नाव येणार नाही, नुसता नंबर. तो म्हणाला, "नाव आलं तरी काय, तूच आहेस की लिहायला."

एका दुपारी त्याच्या खोलीत, छापायच्या मेजाच्या टोकाला कागद ठेवून मी त्याला प्रश्न विचारले. सुरुवातीला तो शाळेतल्या पोरासारखा ताठ बसला होता. मग प्रश्न आला: या सवयीमुळे तुम्हाला कधी पोलिसांनी पकडलं आहे का? पकडलं होतं. जत्रेच्या दिवशी टेकडी चढून आलेली म्हातारी माणसं झाडाखाली बसून चिलीम फिरवायची, मारुतण्णा वीस वर्षं त्यांच्यात बसत होता आणि बंदोबस्ताचा शिपाई वीस वर्षं दुसरीकडे बघत होता. कायदा बदलला त्याच्या पुढच्या वर्षी त्याला खाली उतरताना धरलं आणि दिवसभर बसवून ठेवलं. ही बातमी त्याच्या आधी म्हैसूरला पोचली. ज्या दुकानदाराच्या चादरी तो छापायचा त्यानं काम देणं बंद केलं. वहिनीच्या भावानं सहा महिने तोंड दाखवलं नाही.

मी खुणा करत गेले. अटक, हो. काम सुटलं, हो. नात्यात बेबनाव, हो. तो माझ्या पेन्सिलीकडे बघत होता. "हे सगळं यामुळे, असं लिहिलंस काय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, रकाना तसाच आहे, अण्णा. "यामुळे म्हणजे गांजामुळे?" हो. त्यानं मेजावर थाप मारली. आमच्याकडे छापायच्या मेजावर घोंगडीचे थर घातलेले असतात, म्हणजे ठसा नीट बसतो. "कापडावर डाग पडला की मी तीन ठिकाणी बघतो. ठसा बघतो, रंग बघतो, आणि खाली घोंगडी सरकलीय काय ते बघतो. घोंगडी सरकली तर ठसा बिचारा काय करील? तुझ्या कागदात घोंगडीचा रकाना कुठं आहे?"

तो रकाना नव्हता. शेजारच्या बोळात एक माणूस राहायचा, रोज सरकारमान्य दुकानातली सारायी पिऊन यायचा आणि बायकोला मारायचा. ती भिंतीपलीकडून ऐकू यायची. मारुतण्णानं त्याचं नाव घेतलं आणि म्हणाला, त्याच्याकडे का जात नाहीस? मी म्हटलं, त्याची दारू परवान्याची आहे, आमच्या अभ्यासात ती येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे त्या क्षणी माझ्याही मनात आलं. पण गंमत म्हणून आलं, आणि गेलं. या सवयीचा तुम्हाला काही उपयोग वाटतो का, असा प्रश्न मी कधीच विचारला नाही, कारण तो नव्हताच. त्यानं मात्र न विचारता सांगितलं की दिवसभर वाकून छापून पाठ दगड होते, रविवारी ती जरा सैल होते. हे मी कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं. कडेला लिहिलेल्याला गुण नसतात.

शेवटचा प्रश्न असा होता: या सवयीचा तुम्हाला त्रास होतो असं वाटतं का? तो म्हणाला, "नाही ग. खोकला लागला तर सोडीन." आणि इथे नियम असा होता की 'हो' म्हटलं तर त्रास आहे म्हणून गुण द्यायचे, आणि 'नाही' म्हटलं तर माणूस वस्तुस्थिती नाकारतो आहे म्हणून जास्त गुण द्यायचे. व्यसनी माणूस कधी कबूल करत नाही, हे आमच्या शास्त्रातलं मोठं वाक्य. या प्रश्नाला सुटका होईल असं उत्तरच नव्हतं. मी ते शिकवलेल्या पोपटासारखी भरत गेले. बेरीज वरच्या ठशाची आली.

मी सरांकडे गेले होते, हे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे. पोलिसांनी धरलं ते पदार्थाचं नुकसान कसं मानायचं, असं विचारलं. सर शांतपणे म्हणाले, नियम सगळ्यांना एक हवा. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "हे तुमचे नातेवाईक आहेत का?" आणि मी म्हटलं, नाही सर, ओळखीचे आहेत. ज्या माणसानं माझ्यासाठी वडिलांशी रदबदली केली तो ओळखीचा. जागेवर परत येऊन मी वरचा उचलला आणि त्याच्या कागदावर मारला, जरा जास्तच जोर लावून. आपण पक्षपात करत नाही हे मला कोणाला दाखवायचं होतं कोण जाणे, खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. ठसा सुरेख उठला. कोयरीसकट.

दोनतीन आठवड्यांनी तो घरी आला होता, आईला भेटायला. निघताना चपला घालता घालता सहज विचारलंन, "माझ्या कागदावर कुठला मारलास ग?" मी म्हटलं, "मधला." त्याचा चेहरा खुलला. "पर्वागिल्ला," म्हणाला, "मधला म्हणजे काही वाईट नाही." आणि सायकल घेऊन गेला.

अहवाल झाला. त्याचं कौतुक झालं, सभांतून त्याचा दाखला दिला गेला, त्यातला एक भाग मी दिल्लीला वाचून आले आणि परत आल्यावर घरात पेढे वाटले. त्या भागात वरच्या ठशाच्या माणसांना काय काय भोगावं लागतं ते सांगितलं होतं. अटक होते, काम जातं, समाजात मान राहत नाही. म्हणून बंदोबस्त आणखी कडक हवा, असं आम्ही शेवटी लिहिलं होतं. पोलिसांनी जे केलं ते गांजाच्या नावावर टाकायचं आणि त्यावरून आणखी पोलीस मागायचे. हे आता मी एका वाक्यात लिहू शकते. तेव्हा मला त्यासाठी चार पानं लागली होती आणि ती मला सुंदर वाटली होती. पुढे मी कॉलेजात शिकवू लागले, दरवर्षी मुलांना तीच प्रश्नावली नमुना म्हणून दाखवत राहिले. काही मुलं तोच प्रश्न विचारायची, घोंगडीचा, त्यांच्या शब्दांत. मी म्हणायचे, पुढच्या अभ्यासात बघता येईल. निवृत्त झाले तेव्हा संस्थेतल्या एका जुन्या सहकाऱ्यानं कपाटात पडलेला तो वरचा ठसा आठवण म्हणून आणून दिला. मी तो टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला. आल्यागेल्याला दाखवायचे, आमच्या अण्णानं कोरलाय म्हणून.

मारुतण्णानं साठीच्या आसपास गांजा सोडला. खोकला लागला म्हणून. जसं म्हणाला होता तसंच. मी मात्र वीस वर्षं रोज झोपेची अर्धी गोळी घेते. मधे एकदा डॉक्टरांनी ती बंद करून बघा म्हटलं, मी चार रात्री तळमळले आणि पाचव्या दिवशी डॉक्टर बदलला. मारुतण्णाला हे कळलं तेव्हा त्यानं विचारलं होतं, ही गोळी कुठल्या ठशाची? मी म्हटलं, ही डॉक्टरनं लिहून दिलीय. तो म्हणाला, "हां, चिठ्ठी आहे तर." एवढंच. त्याच्या चिडवण्याला धार नसायची, म्हणून ते माझ्या कातडीपर्यंत पोचलंच नाही.

या वर्षी त्याला आजार निघाला आणि बघता बघता तो पाठीच्या मणक्यात उतरला. इस्पितळात ठेवलं. काही दिवसांचा प्रश्न आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. तरुण डॉक्टर भला मुलगा होता. त्यानं कागद पुढे ओढला, वेदनेसाठी मॉर्फिन सुरू करू म्हणाला, आणि लिहिता लिहिता रीतसर विचारलं की पूर्वी कसली सवय वगैरे होती का. प्रश्न वहिनीला होता. ती पदराशी चाळा करत माझ्याकडे बघू लागली, आमच्या घरात डॉक्टरांशी इंग्रजीत मीच बोलते म्हणून. मारुतण्णा भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडला होता. आणि मी इंग्रजीत म्हणाले, यांची जुनी हिस्टरी आहे, गांजाची, बरीच वर्षं, आमच्या अभ्यासात होते, हाय रिस्क. 'हाय रिस्क' हे शब्द मी किती सफाईनं उच्चारले ते मला अजून ऐकू येतं. डॉक्टरनं पेन थांबवलं. माझे आभार मानले. आणि मॉर्फिन खोडून साध्या गोळ्या लिहिल्या, वरिष्ठ रजेवरून येईपर्यंत.

त्यानंतरचे अकरा दिवस. जो माणूस ठसा कोरताना बोट कापलं तर हळद लावून पुढे कोरत बसायचा, तो टॉवेलचं टोक दातांत धरून होता. कूस बदलायची तर आम्ही तिघं लागायचो, आणि बदलताना तो जो आवाज काढायचा तो माझ्या ओळखीचा नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी डबा धुवायला गेली होती. तो म्हणाला, "सुमी, त्या डॉक्टरला विचार की. आणखी काही असतं काय औषध?" मी म्हटलं, "असतं अण्णा, पण त्यात धोका असतो." तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आं... हौदा," म्हणजे असं काय, आणि तोंड फिरवलं. त्यानंतर त्यानं मला औषधाबद्दल विचारलं नाही.

मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मला पुरतं समजलं होतं. मरणाऱ्या माणसाला सवय लागेल या भीतीनं दुखतं ठेवणं हे शास्त्र नव्हे, हे मी वाचलं होतं, एकदा वर्गात सांगितलंही होतं. त्या मुलाला गाठून, बाबा रे, मी चुकीचं बोलले, ती जुनी गोष्ट आहे आणि आमची मोजायची रीतच धड नव्हती, एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. तो रोज दोनदा यायचा. मी रोज दोनदा गप्प बसले. कारण तसं सांगायचं तर नुसत्या एका ठशाबद्दल सांगून भागलं नसतं. त्या अहवालातल्या सगळ्या कागदांवरचे ठसे पुसावे लागले असते, आणि मग माझ्यापाशी काय राहिलं असतं? एका पारड्यात त्याची पाठ होती आणि दुसऱ्यात माझं नाव. मी अकरा दिवस माझं नाव सांभाळलं.

बाराव्या दिवशी मोठ्या डॉक्टरबाई रजेवरून आल्या. कागद वाचला, मारुतण्णाकडे बघितलं आणि त्या मुलाला कन्नडमध्ये अगदी हळू आवाजात विचारलं, या माणसाला कसला धोका आहे म्हणतोस? सवय लागून हे पुढे कुठे जाणार आहेत? तो मुलगा लाल झाला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, हा त्याचा मोठेपणा. त्याच दुपारी औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी मारुतण्णानं दोन चमचे उप्पिट खाल्लं, आणि तिखट कमी आहे म्हणाला. चार दिवस तो आमच्यात होता. पाठीला बरं वाटतंय, रविवारसारखं, असं वहिनीला म्हणाला. माझ्याशीही बोलला, आंब्याच्या सालीचा रंग कसा काढायचा, माझ्या आईला कुठली चादर आवडायची, असलं. मला वाटलं, सुटले. पाचव्या दिवशी सकाळी तो फोन आला.

तेराव्याचं सगळं आटपल्यावर चार दिवसांनी मी वहिनीकडे गेले. ती त्याचे ठसे एकेक पुसून गोणपाटात ठेवत होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, डॉक्टरला काय म्हणाले ते, अकरा दिवस का गप्प बसले ते. ती पुसत राहिली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "त्यांनी ऐकलेलं. डोळे मिटलेले होते, कान नव्हते मिटले."

काय म्हणाला तो, मी विचारलं.

"काही नाही ग. तू गेल्यावर म्हणाले, मला मधला मारलाय म्हणाली होती. दोनदा म्हणाले." तिनं एक ठसा फुंकर मारून ठेवला. "मधला म्हणजे काय ते मला कळलं नाही. मीपण विचारलं नाही."

तिथून मी कशी उठले, घरी कशी आले, आठवत नाही. तो मला रागावला असता तर मी त्याच्याशी भांडले असते, माझं समर्थन केलं असतं, मला ते येतं. तीस वर्षं तो एका खोट्यावर खूश होता आणि ते खोटं त्याला माझ्याच तोंडून, दुखत्या पाठीनं, भिंतीकडे तोंड करून ऐकावं लागलं. मग मी म्हटलं, त्यात धोका असतो. आणि तो म्हणाला, हौदा.

गेल्या रविवारी मी कपाटातून ती जुनी प्रश्नावली काढली. कोरी प्रत एकच उरली होती. एवढी वर्षं मी ती कितीजणांकडून भरून घेतली, शिकवली, छापली, पण स्वतः कधी भरली नव्हती. पदार्थाच्या जागी झोपेची गोळी लिहिली आणि खरी उत्तरं देत गेले. रोज घेता का? हो. सोडायचा प्रयत्न फसला का? हो. घरच्यांपासून लपवली का? हो, मुलीपासून. शेवटी विचारलं होतं, या सवयीचा तुम्हाला त्रास होतो असं वाटतं का. मी 'नाही' लिहिलं, कारण खरंच वाटत नाही. आणि नियमाप्रमाणे, नाकारते म्हणून जास्त गुण दिले. बेरीज केली. मग टेबलावरचा ठसा उचलला, शाईच्या पॅडवर टेकवला, आणि कागदावर मारायच्या आधी डाव्या मनगटावर मारला.

तशीच रिक्षा करून वहिनीकडे गेले. बाही मुद्दाम वर सरकवली होती. तिनं हात धरला, उजेडाकडे वळवला. कोयरीवरून अंगठा फिरवला.

"त्यांचीच," म्हणाली. "पण शाई जास्त घेतलीस." मग त्या अक्षराकडे बघत तिनं विचारलं, "हा कुठला ग?"

"वरचा," मी म्हणाले.

"त्यांना मारलेला?"

"तोच."

तिनं माझा हात लगेच सोडला नाही. थोड्या वेळानं सोडला आणि कॉफी ठेवायला आत गेली. मी त्याच्या मेजापाशी बसून राहिले. एका टोकाला घोंगडी सरकली होती. मी ती ओढून सारखी केली.